काटकोनकाका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणाची मान किती अंशांत वाकली आहे याची नोंद काटकोनकाकांच्या वहीत सापडते. ही वही साधीसुधी नाही. बांधकाम खात्यात जिला एमबी म्हणतात आणि जिच्या नुसत्या नावाने ठेकेदाराला घाम फुटतो, त्या मोजमाप पुस्तिकेच्याच जातीची ती आहे. काका त्या खात्यात ओव्हरसिअर होते. उभी हयात त्यांनी मोऱ्या, बंधारे आणि शाळाखोल्या मोजल्या. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी माणसं मोजायला घेतली. वहीतल्या नोंदी अशा : ‘बी-204, मुलगा. टेबल 76 सें.मी., खुर्ची 42. कोपर अधांतरी. शेरा : असमाधानकारक.’ खाली तारीख आणि सही. पुढे एक मोकळा रकाना असतो, ‘दुरुस्ती झाली / नाही’. तो भरायला काका पुन्हा येतात, आणि लोकांना धास्ती असते ती या पुन्हा येण्याची.

दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं आडनाव आहे. पण टपालवालासुद्धा ‘काटकोनकाका कितव्या मजल्यावर?’ असंच विचारतो. नाव पडायला कारण आहे. काका बसले की कंबर काटकोनात, गुडघे काटकोनात, कोपरं काटकोनात. तळवे जमिनीला पुरते टेकलेले. चहा पितानाही कप तोंडाकडे येतो, तोंड कपाकडे जात नाही. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसणारा माणूस जिलबी खाता खाता आपोआप पाठ सरळ करतो आणि मग दुपारभर का कोण जाणे अपराधी चेहऱ्याने वावरतो.

अशी माणसं पूर्वीही असत. ती इतरांच्या घरातली भिंतीवरची चित्रं सरळ करत फिरायची. लॅपटॉप नावाची वस्तू घरात आली आणि या जमातीला खरं कार्यक्षेत्र मिळालं.

ते मिळालं मार्च 2020 मध्ये. लोकल बंद झाल्या आणि डोंबिवलीच्या इतिहासात प्रथमच सकाळी आठनंतर घराघरांत माणसं दिसू लागली. ऑफिसातले लॅपटॉप बॅगांमधून बाहेर पडले आणि जागा मिळेल तिथे पसरले. काकांचे चिरंजीव पलंगावर : पाठीशी दोन उश्या, मांडीवर तिसरी, तिच्यावर लॅपटॉप, आणि हनुवटी छातीत रुतलेली. सूनबाई सोफ्यावर पाय दुमडून, उजव्या कुशीवर कललेल्या. काकांनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी ते स्टुलावर चढले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. तिच्यात गुण्या होता, पाणसळ होती आणि पितळी ओळंबा होता, ज्याने कोणे एके काळी भिवंडी तालुक्यातल्या अनेक भिंतींची लाज राखली होती.

काका चिरंजीवांच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी कानाच्या पाळीपासून ओळंबा सोडला. माणूस नीट बसला असेल तर कान खांद्याच्या वर येतो आणि ओळंब्याचं टोक खांद्याला लागतं. इथे ते खांदा सोडून, छाती सोडून, थेट कीबोर्डावर जाऊन आदळलं. आदळलं ते एंटरवर. चिरंजीव त्या वेळी साहेबांना ‘सर, मी उद्यापासून नऊऐवजी साडेनऊला लॉगिन केलं तर चालेल का’ असं लिहीत होते. साहेबांना ‘सर, मी उद्यापासून’ एवढंच पोचलं. पाच मिनिटांत एचआरचा फोन आला, कंपनीत काही त्रास होतोय का, बोला मोकळेपणाने. चिरंजीवांना त्या वर्षी पगारवाढ मिळाली ती या ओळंब्यामुळे, असं काकांचं ठाम मत आहे. चिरंजीवांचं मत वेगळं आहे, पण ते वडिलांसमोर बोलत नाहीत.

काकांचा राग माणसांवर नाही, बिजागरीवर आहे. त्यांचा सिद्धान्त लिफ्टमध्ये तळमजल्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत ऐकून होतो. पडदा हवा डोळ्यांसमोर आणि कळफलक हवा कोपरांच्या पातळीवर. बसलेल्या माणसाचे डोळे आणि कोपर यांत दीड-पावणेदोन फुटांचं अंतर असतं. ते देवाने ठेवलेलं आहे. लॅपटॉपवाल्याने पडदा आणि कळफलक एका बिजागरीने जोडून टाकले. आता लॅपटॉप खाली ठेवला तर मान जाते आणि वर ठेवला तर खांदे जातात. “काय घालवायचं ते तुम्ही ठरवा,” एवढं म्हणून काका पाचव्या मजल्यावर उतरतात.

जास्त वेळ असला तर इतिहासही ऐकायला मिळतो. 1981 मध्ये अ‍ॅडम ऑस्बोर्नने हातातून नेता येईल असा संगणक काढला. हातातून म्हणजे, वजन सुमारे 11 किलो. हा ऑस्बोर्न लहानपणी तमिळनाडूत, रमण महर्षींच्या तिरुवण्णामलईत वाढलेला. त्याच्या संगणकाचा कळफलक पेटीच्या झाकणात होता, पण उघडल्यावर सुटा व्हायचा, नुसत्या वायरीने जोडलेला राहायचा. “महर्षींच्या सावलीत वाढलेला माणूस,” काका म्हणतात, “तो मानेचा विचार करणारच.” पुढच्याच वर्षी, 1982 मध्ये, ग्रिड कंपास आला. बिल मॉग्रिज या ब्रिटिश डिझायनरने त्याचा पडदा कळफलकावर मिटवला आणि बिजागरी जगात आली. तो संगणक नासाने अंतराळयानातही नेला. तिथून मानेची एकही तक्रार आली नाही, कारण तिथे डोक्याला वजनच नसतं. डोंबिवलीत असतं. साडेचार-पाच किलो. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज या मणक्याच्या सर्जनने हिशोब मांडला की डोकं 60 अंश पुढे झुकवलं की मानेवर सुमारे 27 किलोंचा भार येतो. काका हा आकडा किराणा दुकानात सांगतात आणि समोरच्या तांदळाच्या पोत्याकडे बोट दाखवतात. दुकानदार हल्ली मोबाइल पाहताना काका दिसले की मोबाइल ठेवून देतो आणि वही उघडतो. ती तर आणखी खाली असते.

उपाय सोपा आहे आणि तो बरोबरही आहे. काकांचा खरा त्रास हाच आहे की त्यांचं सगळं बरोबर असतं. लॅपटॉप उंच करा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, हातभर लांब ठेवा आणि कळफलक व माउस वेगळे घ्या. हजारभर रुपयांत काम होतं. सूनबाईंच्या लॅपटॉपला 13 सेंटिमीटर उंची हवी होती. बाजार बंद होता, म्हणून काकांनी दिवाळी अंक काढले. पाचेक वर्षांचे अंक रचून, वर पाणसळ ठेवून, जिथे उतार होता तिथे आरोग्य विशेषांक सारून त्यांनी असा काही चौथरा बांधला की सूनबाईंनीही मान्य केलं, “बाबा, खरंच बरं वाटतंय.” ही स्थिती आठवडाभर टिकली. मग दुपारच्या वेळी वाचायला काही नाही म्हणून काकूंनी खालून तिसरा अंक हळूच ओढला. वर सूनबाईंची साहेबांशी बैठक चालली होती. साहेबांना आधी सूनबाई दिसल्या, मग पंखा दिसला, मग बराच वेळ दिवाणखान्याचं छत.

“अहो, कथा अर्धी राहिली होती,” काकू म्हणाल्या.

त्याहून मोठा वाद पाटावरून झाला. सूनबाईंची उंची बेताची. डायनिंगच्या खुर्चीत मागे टेकून बसल्या की पाय लोंबकळायचे. पाय लोंबकळले की मांडीखाली खुर्चीची कड रुतते, मुंग्या येतात, माणूस पुढे सरकतो, आणि पुढे सरकला की पाठीचा टेकू जातो. काकांनी निदान बिनचूक केलं आणि पायाखाली शिसवी पाट दिला. काकूंनी तो पाहिला. त्याच पाटावर चिरंजीवांची मुंज लागली होती. पुढची दहा मिनिटं सूनबाईंनी आपला माइक बंद ठेवला एवढंच सांगतो. शेवटी बाथरूमच्या उरलेल्या टाइल्सचं खोकं पायाखाली आलं. ते आजही तिथेच आहे आणि फुटकी टाइल बदलायची म्हटलं की सूनबाई विरोध करतात.

डोळ्यांचं प्रकरण मात्र सोसायटीभर गाजलं. पडद्याकडे टक लावली की पापण्या लवणं निम्म्याहून कमी होतं आणि डोळे कोरडे पडतात. शिवाय जवळचं पाहून डोळ्यांचे स्नायू आखडतात. म्हणून दर 20 मिनिटांनी, 20 फूट लांब, 20 सेकंद पाहावं असा नियम आहे. काकांनी टेप लावली. त्यांच्या घरात 20 फूट नाहीत. दिवाणखाना सोळा, तोही शोकेस धरून. खिडकीतून पाहावं तर समोरची सी विंग बावीस फुटांवर, म्हणजे नियमात अगदी चपखल. आणि बरोबर समोर जोशींचं स्वयंपाकघर. चिरंजीव आज्ञाधारकपणे दर 20 मिनिटांनी खिडकीशी उभे राहून 20 सेकंद जोशीकाकूंच्या ओट्याकडे एकटक पाहू लागले. दोन दिवसांनी जोशींनी पडदा लावला. तिसऱ्या दिवशी जोशी स्वतः आले. काकांनी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, नियम समजावला आणि जाता जाता त्यांच्या खुर्चीची उंची विचारून घेतली.

आता एक गोष्ट काकांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. ए विंगमधल्या एका मुलीचा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत होता. टेबलाचाच पाय आखूड असेल असं समजून तिच्या वडिलांनी खाली पुठ्ठ्याची घडी घातली. काका फेरीवर होते. त्यांनी आधी टेबलावर पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्यावर. मग मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवली, बुडबुडा कडेला पळाला. काका खाली वाकले (काटकोनात), त्यांनी लॅपटॉपच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, “बंद कर. चार्जर काढ. आत्ता.” बॅटरी फुगली होती. लिथियम बॅटरी आतून बिघडली की तिच्यात वायू धरतो, पोट वर येतं, माउसची पाटी उचलली जाते, आणि अशा वेळी कुणी दाबून बसवायला गेलं किंवा चार्जिंगला लावून झोपलं तर ती पेट घेऊ शकते. मुलगी लॅपटॉप रोज रात्री चार्जिंगला लावून गादीवर ठेवत होती, म्हणजे वारा आत-बाहेर जायच्या फटी गादीने बुजलेल्या. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने बॅटरी पाहिली आणि हात लावण्याआधी हातमोजे घातले. मुलीच्या आईने काकांना पेढे दिले. काकांनी वहीत नोंद केली : ‘समतल नाही. कारण : आतील.’

त्या दिवसापासून काकांना दारं आपोआप उघडू लागली. मग त्यांनी वायरिंगही तपासायला घेतलं. धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की चुणचुण होते, ती चार्जरला अर्थिंग मिळत नाही म्हणून. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावून बसलेली घरं त्यांनी शोधून काढली. मांडीवर तासन्‌तास गरम लॅपटॉप ठेवणाऱ्यांना त्यांनी काश्मिरी कांगडीची गोष्ट सांगितली : कांगडीच्या शेकाने कातडीवर जसे तांबूस-काळे जाळीदार डाग पडतात, तसे लॅपटॉपच्या शेकानेही पडतात. लग्न ठरलेल्या दोन मुलांना त्यांनी बाजूला घेऊन आणखीही काही सांगितलं. ते काय हे मला कळलं नाही, पण दोघांनीही त्याच संध्याकाळी टेबलं मागवली.

एकच माणूस काकांच्या हाती लागला नाही. त्यांच्या स्वतःच्या घरातला. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. दोन-तीन दुकानदारांचे हिशोब त्या लॅपटॉपवर करून देतात. त्यांच्या बसण्याला आकारच नाही. सकाळी त्या चौरंगावर लॅपटॉप ठेवून जमिनीवर मांडी घालतात. कुकरची शिटी झाली की उठतात. मग ओट्याशी उभ्याउभ्याच दोन नोंदी करतात. बेल वाजली की दार उघडतात, कुरिअर घेतात, शेजारणीशी बोलतात, येऊन डायनिंगच्या खुर्चीत बसतात. डाळीला फोडणी द्यायला पुन्हा उठतात. दुपारी लोडाला टेकतात. काकांचा गुण्या त्यांच्या कोपरापर्यंत पोचायच्या आत कोपर दुसऱ्या खोलीत गेलेलं असतं. पासष्टी उलटली, पण मान, पाठ, मनगट कशाचीही तक्रार नाही. एमबीत त्यांच्या नावापुढे एकच शेरा आहे : ‘हाताबाहेर’.

काकांचं स्वतःचं आसन मात्र पाहण्यासारखं. खिडकीशी काटकोनात टेबल, म्हणजे उजेड पडद्यावर पडत नाही आणि डोळ्यांतही येत नाही. लॅपटॉप सागवानी घोडीवर. ती त्यांनी सुताराकडून मिलिमीटर सांगून करून घेतली. कळफलक सुटा. मनगटं सरळ. कमरेच्या खळगीत गुंडाळलेला पंचा. हे सगळं जुळायला पाऊण तास लागतो, तोवर चहाची वेळ होते आणि चहानंतर पुन्हा जुळवावं लागतं. त्यामुळे प्रत्यक्ष लॅपटॉपवर काकांचं काम फारसं झालेलं नव्हतं. पण अखेर त्यांनी सोसायटीसाठी एक पुस्तिका लिहायला घेतली, ‘लॅपटॉप आणि आपली बैठक’. सुरुवात रामाझ्झिनीपासून. या इटालियन वैद्याने 1700 मध्ये कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या 1713 च्या वाढीव आवृत्तीत कारकुनांना त्रास का होतो याची तीन कारणं दिली : सतत बसणं, हाताची एकाच दिशेची न थांबणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. काकांनी ही तिन्ही कारणं टंकली, अधोरेखित केली, आणि पुढे लिहीत राहिले. मांडणी इतकी निर्दोष जमली होती की हलवंसंच वाटेना. दोन तास झाले. अडीच झाले. जेवायला हाक आली, काकांनी उठायचा विचार केला, आणि विचार कमरेपर्यंत जाऊन तिथेच थांबला.

चिरंजीव आणि वॉचमन यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पलंगाशी नेलं. तिथे आडवं केलं तरी पाय काटकोनातच. ए विंगमधलीच एक मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, तिला बोलावलं. तिने काकांचं टेबल पाहिलं, घोडी पाहिली, पंचा पाहिला.

“काका, मांडणी एक नंबर आहे. मी माझ्या पेशंटना फोटो दाखवते याचा.”

“मग?” काका कण्हत म्हणाले.

“उठला कधी होतात?”

काका काही बोलले नाहीत. एमबीत या गोष्टीला रकानाच नव्हता. मुलीने सांगितलं की कितीही नीट बसलं तरी एकाच स्थितीत स्नायू शिणतात आणि आखडतात; अर्ध्या तासाने उठायचं, चार पावलं टाकायची, खांदे फिरवायचे, मग हवं तर थोडं वाकडंही बसायचं. ‘वाकडंही’ हा शब्द ऐकून काकांनी डोळे मिटून घेतले. दारात काकू उभ्या होत्या, हातात गरम पाण्याची पिशवी. त्या काहीही बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात न बोलण्याची अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

काका बरे झाले, पण सुधारले नाहीत. काटकोनाची जागा अर्ध्या तासाने घेतली. त्यांनी शिटी विकत आणली. दर तीस मिनिटांनी पाचव्या मजल्याच्या गॅलरीतून शिटी होते आणि घराघरांतून लॅपटॉपवाले उठतात. सुरुवातीला लोक चिडले. मग सवय झाली. आता तर शिटी झाली की कळफलकावरचे हात आपसूक उचलले जातात, लोक उभे राहतात, खांदे गोल फिरवतात, पाणी पितात आणि बसतात. दुपारी झोपलेले दोन-तीन आजोबाही उठून खांदे फिरवतात आणि परत झोपतात. जोशीकाकूंनी पडदा काढला, कारण आता समोरून कुणी त्यांच्याकडेच पाहत नाही, सगळेच सगळ्यांकडे पाहतात.

या सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर समिती, बाजूला वड्यांचं पातेलं. मासिक मेंटेनन्समध्ये 350 रुपये वाढ करायचा ठराव तीन वर्षं लोंबकळत होता आणि त्याला सर्वांत कडवा विरोध काकांचा होता. भाषणाचे मुद्दे त्यांनी पाठीमागच्या खिशात घालून आणले होते. चेअरमननी प्रास्ताविक लांबवलं, मागच्या वर्षीचं इतिवृत्त वाचलं, थकबाकीदारांची नावं न वाचता वाचल्याचं जाहीर केलं. मग घसा साफ करून म्हणाले, “आता विषय क्रमांक चार, मेंटेनन्सवाढ. ज्या सभासदांचा या वाढीला पाठिंबा असेल त्यांनी कृपया...”

काकांच्या खिशातला गजर वाजला. अर्धा तास झाला होता. काकांनी सवयीने शिटी तोंडात धरली आणि जोरात फुंकली.

सगळी सभा उभी राहिली.

सेक्रेटरी आमचे हुशार. त्यांनी एक क्षण समोरच्या उभ्या, खांदे फिरवणाऱ्या सभासदांकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. इतिवृत्त दुसऱ्याच दिवशी फलकावर लागलं : ‘विषय क्र. 4. मासिक मेंटेनन्समध्ये रु. 350 वाढ. सर्व सभासदांनी उभे राहून ठराव एकमताने संमत केला.’ सूचक म्हणून काकांचं नाव आहे, आडनावासकट.